वेदीवरची सहा शमादाने

पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, श्रीमती मनकर्णाबाई शलमोन अमोलिक, वय एकाहत्तर, मिशनच्या मुलींच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणार बेलवाडी, तालुका श्रीरामपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. नसता दिला तरी मी लिहिलेच असते.

१. राहते घर, परसू, शिवणयंत्र आणि पोस्टातील शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मरिया हिला मिळावी.

२. चर्चमधील जुनी सागवानी वेदी, तिच्यावरचा क्रूस, मेणबत्त्यांची सहा पितळी शमादाने आणि मी विणलेले वेदीवस्त्र हे सर्व चर्चचे आहे. त्यावर माझ्या कोणाही नातेवाइकाचा हक्क नाही. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण माझे दीर पुंजाराम. लग्नानंतर बरीच वर्षे आम्हाला मूल नव्हते. मरिया जन्मली तेव्हा मी पाटल्या व गोठ मोडून हे सर्व देवाला वाहिले. भाऊजी म्हणाले, "घराण्याचं सोनं पाद्र्याला दिलं." माझे यजमान रेल्वेत गँगमन, बोलणे कमी. ते म्हणाले, "सोनं तिच्या अंगावर हुतं, तिनं दिलं. मला तर लेक मिळाली." तरीही भाऊजी आजवर शमादाने घरचीच समजतात.

३. अलीकडे चर्चमधली मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली आणि फादरांनी लोकांकडे तोंड करून उभे राहावे म्हणून नवे मेज आले. मराठी मिस्सा मला आवडते, हे नमूद करते. पण चर्चच्या पंचांनी जुनी वेदी काढून शमादाने मोडीत घालायची आणि त्या पैशांत लाउडस्पीकरचा कर्णा आणायचा ठरवले. मी शमादानांच्या पेटीवर जाऊन बसले. वसईकडचे तरुण फादर जॉर्ज म्हणाले, "बाई, उठा." मी उठले नाही. तेवढ्यात शेजारचा शेतकरी गहिनीनाथ बैलगाडी घेऊन आला. "देवाची वस्तू हाय, मोडीत कशी घालायची? चला, घरी नेऊ." आणि पेटी माझ्या घरी आली.

पुढे फादरांच्या आई भेटीला आल्या, मुक्कामाला माझ्याकडे. भिंतीशी मांडलेली शमादाने पाहून त्यांनी गुडघे टेकले आणि मुलाला बोलावून घेतले.

"जॉर्ज, ही इथं का?"

"आई, नियम बदलले."

"देवळात पितळ ठेवू नये असा नियम आहे? दाखव मला."

फादरांना दाखवता येईना. ते हसू लागले, मग आम्हीही. जुनी वेदी शमादानांसह पुन्हा चर्चच्या भिंतीशी उभी राहिली, नवे मेज तिच्यापुढे. बिशपांच्या परवानगीने, पूर्वी इथे असलेल्या निवृत्त जर्मन फादरांनी तिथे एकदा लॅटिन मिस्साही केली. आम्ही म्हाताऱ्यांनी सगळी उत्तरे बिनचूक दिली. अर्थ आम्हाला पूर्वीही कळत नव्हता, तेव्हाही कळला नाही. पण इतका आनंद मला फार दिवसांनी झाला.

४. शमादाने चिंचेने घासावीत, विटकरीने चरे पडतात. माझ्या मागे घासण्याचा पहिला मान पुंजारामभाऊजींचा. घराण्याचे सोने आहे, त्यांचाही हात लागू दे. माझी काळी छत्रीही त्यांना द्यावी. तिच्यावर त्यांचा डोळा आहे.

५. दुभती शेळी गहिनीनाथची पत्नी साळूबाई हिला द्यावी. तिचे नाव बदलू नये, दुसऱ्या नावाला ती येत नाही. हे शेळीबद्दल लिहिले आहे.

६. माझी शवपेटी जुन्या वेदीपुढे ठेवावी, साही मेणबत्त्या लावाव्यात, गाणी मोठ्याने म्हणावीत. रडारड नको. मरिया जन्मली त्या दिवशी माझे यजमान चर्चची घंटा इतका वेळ वाजवत राहिले, की कुठे आग लागली असे समजून लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले. माझ्यासाठी घंटा तशीच वाजवावी.

सही: मनकर्णाबाई शलमोन अमोलिक

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. फादर जॉर्ज, बेलवाडी चर्च
२. डॉ. राधाकृष्ण सहादेव कुलथे

स्थळ: बेलवाडी, जिल्हा अहमदनगर
दिनांक: २ फेब्रुवारी १९७२