रक्त-मेंदू अडथळ्याचा विग्रह

बाबा, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या, बाकीचं मग. 'रक्त-मेंदू अडथळा' असा एक शब्द हल्ली राजरोस छापतात. रक्त संस्कृत, मेंदू घरचा आणि अडथळा बांधावरून उचलून आणलेला. तिघांना एका समासात कोंबलंय आणि विग्रह कोणीच देत नाही. रक्ताचा अडथळा? मेंदूचा? की मेंदूला रक्तापासून? तुम्ही असता तर पुस्तक भिरकावलं असतं. 'चोरभय'च्या वेळी माझी वही भिरकावलीत तशी. मी चुलीजवळ बसून 'चोराचे भय' असं सोडवलं होतं. तुम्ही गरजलात, "पंचमी! चोरापासून भय!" आणि भाकर थापता थापता आई म्हणते, "अवो, चोराले बी भेव असतेच ना. राहू द्या त्याची षष्ठी." तुम्ही रुसलात. मग त्याच रुसव्यात तीन भाकरी खाल्ल्यात.

तीच आई आता मला 'तुमी' म्हणते.

दोन महिन्यांपूर्वी अंगणात ज्वारी पाखडताना तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आपल्या बेल्याहून तिला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. कंबरेखाली बधिर करू म्हणाले, पण तिच्या वाकलेल्या पाठीत सुई बसेना, म्हणून पूर्ण भूल दिली. मोठे डॉक्टर खूश होऊन बाहेर आले: "हाड फर्स्ट क्लास बसलंय!" हाड बसलं, बाबा. माणूस उठून गेलं. बावन्न वर्षं जी मला 'काऊन रे पोट्ट्या' म्हणून हाक मारायची, ती तिसऱ्या दिवशी पदर सावरून विचारते, "तुमी कोन्या गावचे जी? बसा ना. चाय घेसान?" इतक्या अदबीनं ती तुमच्याशीही कधी बोलली नव्हती. मी बसलो. काय करणार, पाहुणा होतो.

तेव्हापासून जो येतो तो एकच मंत्र म्हणतो. शेजारचे मामा म्हणाले, "वय झालं जी, चालाचंच." अहो, वय काय ऑपरेशनच्या त्या मंगळवारी सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये झालं? आठच्या सुमारास स्ट्रेचरवरून मला दटावत होती, "पोट्ट्या, कोठ्यातल्या गाईले पानी पाजलं का नाई?" मी मोठ्या डॉक्टरांना हेच विचारलं, तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतं असं म्हाताऱ्यांचं." 'होतं' या क्रियापदाचा कर्ता कोण, हे विचारायची सोय नव्हती.

नीट उत्तर दिलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. तरुण आहेत, मराठी तेलुगूच्या चालीत बोलतात. म्हणाल्या, "सार, रक्त आणि मेंदूच्या मध्ये एक भिंत असते. रक्तातली सगळी औषधं ती आत सोडत नाही. भूल दिल्यावर ती थोडी सैल पडते, असं प्राण्यांमध्ये दिसलंय. वय झालं की आधीच सैल असते. माणसात किती, ते अजून पक्कं नाही." वर हेही म्हणाल्या की काही लोक याच सैलपणाचा उपयोग शोधताहेत, एरवी मेंदूत न पोचणारी औषधं तिथे पोचवायला. मला संताप आला. दार किलकिलं होतं हे ठाऊक आहे, त्यातून आपल्याला हवं ते पाठवायची तयारीही चालली आहे, आणि माझ्या आईच्या वेळी त्यातून काय शिरलं ते बघायला कोणी नव्हतं! त्यांच्यावर मी आवाज चढवला. त्या बिचाऱ्या ऐकून घेत राहिल्या.

आता जे लिहितो ते त्यांना सांगितलेलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या कागद घेऊन आल्या होत्या. "बीपीच्या गोळीशिवाय अम्मा काही घेतात, सार? झोपेची, खाजेची, कसलीही?" मी नाही म्हणालो. खरं तर वर्षभर मी आईला मेडिकलमधून आणलेली खाजेची गोळी रोज संध्याकाळी देत होतो. खाज नव्हती. गोळीनं तिचा डोळा लागायचा, सारख्या हाका थांबायच्या आणि मला निवांत वाचता यायचं. हे परक्या बाईंसमोर बोलायची लाज वाटली. ती गोळी एरवीही मेंदूत शिरते, म्हाताऱ्या माणसांना भ्रमात टाकते, हे मला गेल्या आठवड्यात वाचून कळलं. त्या दिवशी ती किती शिरली असेल, माहीत नाही. आईला घरी आणल्यावरही मी ती गोळी देत होतो. परवा बंद केली.

उद्या दहा वाजता आईला त्याच डॉक्टरीणबाईंना दाखवायला न्यायचंय. त्या पुन्हा तेच विचारतील, आणि मी पुन्हा 'नाही' म्हणेन, याची मला भीती वाटते.