बाबांची किल्ली बिघडलेली नाही

बाबा,

गाडीच्या किल्लीतला सेल आता बदलू नका. तीन बदलून झाले, चौथ्यानेही काही होणार नाही. बिघाड किल्लीत नाही आणि तुमच्या हातातही नाही. तो मी केलाय.

गेल्या रविवारी तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी गाडीत बसून माझी किल्ली गाडीशी नव्याने जोडून घेतली. घरच्या घरी जमतं ते. पण त्या वेळी जी किल्ली गाडीत नसेल, तिला गाडी विसरते, मग तिने सुरूच होत नाही. तुमची मी मुद्दाम खुंटीवरच ठेवली. औषधं आणायला म्हणून गेलात आणि तीन तासांनी गाडीचं दार चेपवून परत आलात, त्यानंतर मला दुसरं काही सुचलंच नाही. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

पण काल डोळ्याला भिंग लावून तुम्ही ती किल्ली परत उघडलीत आणि म्हणालात, "जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता एक सेल धड बसवता येईना." 

आज सकाळी दोन्ही किल्ल्या एकदम जोडल्यात. तुमची फ्रिजवर ठेवलीय, चालते. मी बसने जातेय.

आज मात्र गाडी काढू नका. हे मी आता किल्लीकडून वदवत नाही, स्वतः सांगतेय. संध्याकाळी लवकर येते. त्या तीन तासांत काय झालं, ते मला सांगा. रागावणार नाही.

घर सापडत नव्हतं का, बाबा?