चपला काढून आलेल्या माणसाची खोली

मी, श्रीमती कुमुद भगवान घरत, वय ७४, मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण माझा पुतण्या गुरुदत्त याला त्याबद्दल शंका आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणून पाहिला गेला, पण त्यात माझी चहा-साखर तेवढी संपली.

१. हे घर मी माझ्या पगारातून बांधलं. माझे पती हयात नाहीत, मूलबाळ नाही. घर बिल्डरला द्यायचं नाही.

२. माझ्या पश्चात हे घर परेश जनार्दन कडू याच्या मालकीचं होईल. अट एकच. तुरुंगातून सुटलेल्या ज्या माणसाला घरचे दारात उभं करत नाहीत, त्याच्यासाठी रस्त्याकडची खोली कायम मोकळी ठेवावी.

परेश कोण, हे उद्या कोर्टात विचारलं जाईल, म्हणून इथेच सांगते. तो याच घरात चोरी करायला आला होता.

गुरुदत्तच्या हळदीचा दिवस होता. आमच्याकडे हळद म्हणजे अख्खी भावकी मांडवात, घरांना कुलपं. चोरांनाही ते ठाऊक असतं. मी चष्मा विसरले म्हणून दुपारी गावाहून परत आले, तर कुलूप तुटलेलं आणि दाराशी चपला. नीट जोडीने काढून ठेवलेल्या. मला वाटलं पाहुणे आले. मी हाक मारली, "कोण आलंय?" आतून उत्तर आलं, "मी हाय, काकी."

बाहेर आला तेव्हा खिशात माझ्या पाटल्या होत्या. पळायचं सोडून चपला घालत बसला, तोवर शेजारी जमले. मी विचारलं, "अरे, चोरी करायला आलास आणि चपला काढल्यास?" तो म्हणाला, "देव हाय ना घरात. चपला घालून कसा जायचा?"

आयुष्यभर मी शिकवलं की माणूस गुन्हा का करतो. तुरुंगात जाऊन किती जणांना विचारलं, "का केलंस?" त्यावर प्रत्येकाकडे तयार उत्तर असतं. तू कुठे थांबलास, हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. परेश उंबरठ्यावर थांबला होता. थोडाच थांबला, पण थांबला. पुढे त्याला शिक्षा झाली, तुरुंगात भेटायला गेले तेव्हा मी हेच विचारत राहिले. त्याने भुकेपोटी चोरी केली असं लिहायला मला आवडलं असतं, पण घरी दोन वेळचं जेवण होतं. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "सगल्यांकडं गाड्या, मी कोनीच नाय असा वाटायचा." सुटल्यावर त्याला या खोलीत ठेवून घेतलं. आज तो द्रोणागिरीच्या गोदामात क्रेन चालवतो आणि माझी औषधं माझ्यापेक्षा चांगली लक्षात ठेवतो. मला तो पोटच्या मुलासारखा आहे, हे त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही. इथे सांगते.

३. या खोलीत नंतर आणखी बरेच राहून गेले. सगळेच सुधारले असं मी म्हणणार नाही. एक जण माझा मिक्सर घेऊन गेला, त्याला मी माफ केलेलं नाही. पण तळोज्याच्या कारखान्यात आज जो रंगकाम करतो, तो दर दिवाळीला येऊन खोली रंगवून जातो. एका मिक्सरसाठी दार बंद करू नये.

४. बँकेतली ठेव खोलीच्या वीजबिलासाठी आणि दुरुस्तीसाठी. पाटल्या परेशच्या बायकोला, मनिषाला. खिशातून परत आल्या, आता हातात जाऊ देत.

५. गुरुदत्तचा राग मला मान्य आहे. ऐन हळदीत त्याला माझ्यासाठी पोलीस ठाण्यात धावावं लागलं. अंगाला हळद तशीच, आणि हवालदार हसत होते. तेव्हापासून तो म्हणतो, "काकी, चोर तो चोरच. घर त्याला दिलंस तर मी कोर्टात जाईन."

बाळा, जाशील तर जा. फक्त एक सांगते. मे महिन्यात तू मुलांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलास, तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली कोणाला देऊन गेलास? सख्खा भाऊ शेजारच्या गल्लीत आहे. तू माझ्या दारात येऊन किल्ली परेशच्या हातात दिलीस. मी गॅलरीतून पाहिलं.

६. मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारच्या ॲडव्होकेट सायमा यांनी करावी. साक्षीदार म्हणून मी गुरुदत्तला बोलावलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा त्यांचा सल्ला आहे, म्हणून माझ्या पतीचं, भगवानचं, घड्याळ मी आजच त्याच्या मनगटावर बांधलं. पाचवं कलम त्याला वाचायला दिलं आहे. तो कागद घेऊन खिडकीशी उभा आहे. सही करेल की नाही, मला माहीत नाही. नाही केली तरी वरचा एकही शब्द बदलणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, चष्मा लावून सही केली आहे.

कुमुद भगवान घरत
पनवेल, दिनांक १२ जून २०२५

साक्षीदार :

१. डॉ. अविनाश मढवी

२. गुरुदत्त रमाकांत घरत
(काकीच्या परवानगीने एक ओळ लिहितो : ती किल्ली मी परत मागितलेली नाय. अजून परेशकडंच हाय.)