मासीच्या नावाची पुकार

आईला वांदीचा गुडघे टेकून सलाम.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडून गावी पळालो म्हणून तू तिकडे योला शहरात निर्वासितांच्या छावणीत रडत असतेस, असं ताईनं कळवलं. आता डोळे पूस. काल आपल्या चर्चमध्ये माझ्या आणि मासीच्या लग्नाची पहिली पुकार झाली.

मासी गावी परतताना काय म्हणाली होती, आठवतं ना? "माझं नाव माझ्याच चर्चमध्ये पुकारायचं, छावणीच्या तंबूत नाही. अतिरेक्यांनी जाळलं म्हणून ते परकं झालं का?" मग मी वर्गात बसून काय करणार होतो? आलो, राख उपसली, आत माजलेली झुडपं तोडली. छप्पर अजून नाही, पण आभाळ स्वच्छ आहे.

पाळकांनी सगळ्यांसमोर आमची नावं पुकारून विचारलं, "या लग्नाला कुणाची हरकत?" तुंबाकाका मागून म्हणाले, "पोरगा फार तापट आहे, पण मुलगी त्याच्याहून तापट. चालू द्या." सगळे हसले. त्या काळ्या भिंतींत इतकं हसणं ऐकून मलाच भरून आलं.

प्रार्थनेच्या वेळी पोरं टेकडीवर पहारा देतात, पण ते नुसतं सवयीनं. तुझा गुडघा कसा आहे?

आणखी दोन रविवार पुकार, मग लग्न. बाबांना मारलं त्या दिवसापासून, लग्नकार्यात बायका जीभ हलवून काढतात ती तुझी आनंदाची किलकारी कुणी ऐकलेली नाही. मासी म्हणते, छपराशिवाय चालेल, सासूबाईंच्या किलकारीशिवाय नाही. दिवसाउजेडी निघ. लष्कराच्या चौकीपाशी मी उभा असेन.

तुझं ऐकत नाही तरी तुझाच,
वांदी