शेजारी शेजारी सोळा ठिपके

२ मार्च
विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. मीच बसणार. दुसरं आहे कोण? त्या खुर्चीसाठी आजच उशी घेतली.
ग्राहक कंपनीच्या रेडिओचं काम माझ्याकडे. हवेतून सोळा ठिपक्यांपैकी एक पाठवायचा. प्रत्येकाला चार बिटांचं, म्हणजे चार शून्य-एकांचं, लेबल. कुठल्याला कुठलं, एवढंच ठरवायचं. दोन दिवसांत उडवतो.

९ मार्च
पुस्तकं म्हणतात, शेजारच्या ठिपक्यांत एकाच बिटाचा फरक ठेवा. अक्कल गहाण! घोटाळा जुळ्या भावांत होतो, सासू-सुनेत कधी झालाय? मी शेजाऱ्यांत होईल तितका जास्त फरक ठेवला. बायकोला समजावून सांगितलं. म्हणाली, दूध उतू जातंय.

१० मार्च
ज्युनियर चष्मेवाली मीटिंगमध्ये म्हणे, सर, हवेतल्या गोंगाटात ठिपका घसरला की शेजारीच पडतो, तो काही लेबल वाचून घसरत नाही. एखादं बिट चुकलं तर रेडिओ स्वतःच सावरून घेतो, पण तुमच्या पद्धतीत एक घसरला की जवळजवळ सगळी बिटं बोंबलणार.
सगळ्यांसमोर! मग मीही सगळ्यांसमोर विचारलं, इंजिनियरिंग पास झालीस की कुणी दया केली? सगळे हसले. ती नाही. विनोदबुद्धी शून्य.

१३ मार्च
दोन रेडिओ केबलने जोडून टेस्ट. एकही चूक नाही! ती म्हणे, केबलमध्ये गोंगाटच नसतो, काढून बघू या. साहेबांना कळवलं की ही टीमचं खच्चीकरण करते.

१६ मार्च
तिला काढलं. सामान एका खोक्यात मावलं. रडत होती. मी स्वतः पाणी विचारलं. मन मोठं लागतं.

२० एप्रिल, दुपारी
डेमो. ग्राहकाकडून तपासायला कोण आलं? चष्मेवाली. तिथे लागलीय म्हणे. एकच विनंती केली, केबल काढता का.
काढली. त्यांच्या चेअरमनचा फोटो पाठवला. पडद्यावर नुसता भुसा. मग तिने तेवढ्याच गोंगाटात पुस्तकातली लेबलं टाकली. चेअरमन हसत हसत आले, गालावर दोन डाग, बस्स.
जाताना तिने मला विचारलं, इंजिनियरिंग पास झालात की कुणी दया केली? सगळे हसले. साहेब सगळ्यात जास्त. मीही हसलो. मला विनोदबुद्धी आहे.

२१ एप्रिल
ऑफिसला माझी गरज उरली नाही, असं साहेब म्हणाले. मला वाटतं, बढतीच्या आधी परीक्षा बघतायत.
खोक्यात उशी आणि चहाचा मग. वर जागा उरली म्हणून साहेबांनी केबल ठेवली. पाणी कुणी विचारलं नाही.