उन्हात दिलेलं पाणी

सालेकसा, १२ मार्च १९३१

प्रिय मंगरू,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडंतिकडं आहे ते माझंच. मास्तरांकडून लिहून घेता आलं असतं, पण हे पत्र दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही. टेकचंद परवा रायपूरहून आला. तू स्टेशनात कोळसा टाकतोस, सहा वर्षांत एकाही तापल्या पात्याला पाणी दिलं नाहीस, कुणी चाकू घेऊन आला तरी परत पाठवतोस, असं सांगत होता. बाबा म्हणायचे, पोलादाचा रंग कळावा तर मंगरूलाच. आणि त्या हातात फावडं! तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

ते वर्ष आठव. चैत्रात भट्टीच्या छपराचं गवत उतरवलं होतं आणि बांबू फोडणाऱ्यांना सहा सुरे द्यायचे होते. तीन तुझे, तीन माझे. तू ऊन उतरेपर्यंत हटून बसलास. तापलेलं लोखंड उन्हात आहे त्याहून काळं दिसतं आणि हात ते जास्तच तापवून बसतो, ते सावलीतच पाहावं, हे बाबांनी आपल्याला भाता ओढता ओढता शिकवलेलं. मी मात्र मुहूर्त काय बघत बसलास म्हणून तुला चिडवलं आणि भर दुपारी माझे सुरे तापवून पाण्यात घातले. निघाले देखणे! खपली झडून पातं सगळीकडे सारखं करडं, इतकं कडक की वर कानस नुसती घसरत होती. मग कडकपणा थोडा उतरावा म्हणून निखाऱ्यावर धरून गवती पिवळा रंग चढवला. तुझ्या सुऱ्यांशेजारी ठेवले, तर कोणते कुणाचे ते ओळखू येईना.

पंधरा दिवसांनी आपल्या रुख्माच्या नवऱ्याच्या, सुखरामच्या हातात त्यातलाच एक मोडला. बांबूवर जोर लावलेला होता, मोडकं पातं त्याच्या मांडीत गेलं. दवाखान्याच्या अर्ध्या वाटेवर बैलगाडी परत फिरवली. पंचांनी विचारलं, "पानी कोनं देल्लं?" मी म्हणालो, "मंगरूनं." आपलाच सुरा असेल असं तुला खरंच वाटलं, ते तुझ्या तोंडावर मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तू गाव सोडलंस आणि मी भट्टी पेटवली.

मोडलेला तुकडा तुला पाहायला मिळाला नाही, कारण सगळ्यांच्या आधी मीच तो उचलून धोतराच्या सोग्यात बांधला होता. त्याची मोडलेली बाजू भरड आहे, खड्याच्या मिठासारखी चमकते. जास्त तापल्याशिवाय पोलाद आतून असं होत नाही. तुझ्या हातचं मोडलं तर बारीक, राखेच्या रंगाचं निघतं. मी तिथल्या तिथे ओळखलं होतं, मंगरू. आणि तरीही तुझं नाव घेतलं.

काल तो तुकडा रुख्माच्या हातात दिला. बाबांची, लोहाराचीच लेक ती, किती वेळ उलटासुलटा करून पाहत राहिली. "दादा, मंगरू कायले उनात पानी देईन?" एवढंच म्हणाली, तुकडा परत दिला आणि दार लावून घेतलं. उद्या पंचांपुढे जातो. त्यानंतर माझ्याकडे कुणी लोखंड घेऊन येईल असं वाटत नाही, आणि येऊही नये. तुझ्याकडे माफी मागायचं तोंड मला नाही. तुकडा या पुडक्यात बांधला आहे, सावलीत नेऊन बघ. सुखरामचा जीव तुझ्या हातून गेला नाही. आता कुणी चाकू घेऊन आला, तर त्याला परत पाठवू नकोस.

तुझाच,
बिसनदादा