शेपूट ठीक

११ जानेवारी १९४४, स्केल्डिंगबी तळ, इंग्लंड

सम्राटांच्या हवाई दलाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती इतिहासात नोंदली गेलीच पाहिजे. या तळावर चार-चार इंजिनांची विमानं आहेत, शहरंच्या शहरं बेचिराख करतील एवढे बॉम्ब आहेत, दाढी न केलेल्यांवर ओरडायला खास पगारी माणूस आहे. पण अख्ख्या न्हाणीघरात एकाही बेसिनला बूच नाही. ज्याने त्याने आपापलं बूच खिशात घालून हिंडायचं, अशी इथली रीत. मी आज भोकात मोजा कोंबून दाढी केली.

रोजनिशी लिहायला इथे बंदी आहे, म्हणूनच लिहायचा हुरूप आला. वीस वर्षं एका साप्ताहिकात नगरपालिकेच्या टोप्या उडवल्या. शेवटी टोप्या संपल्या, तेव्हा वय चोरून हवाई दलात शिरलो. बॉम्बरच्या शेपटीत बसणारा बंदूकवाला व्हायला अक्कल लागत नाही, फक्त डोळे लागतात.

ज्या टोळीत मला घातलंय तिचा कप्तान गार्नेट टॉली, वय बावीस, मिशी अजून विचाराधीन. विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या घुमटीत बसतो तो विल्फ सग्डन, हडर्सफील्डच्या लोकरीच्या गिरणीतला. मला पाहून त्याने विचारलं की दलाने आता पेन्शनरांची भरती सुरू केली काय. मग म्हणाला, "बसा आजोबा, शेगडीजवळ बसा. आम्ही तरुण आहोत, गारठू."

मला मिळालेली खाट आधी कुणाची होती, असं विचारलं तर सगळ्यांना एकदम शेगडीत कोळसा घालायचं सुचलं. विल्फने मला एक जुनं बूच मात्र दिलं. झकास माणसं आहेत. सुखाने झोपतो.

१४ जानेवारी

आज चाचणीचं उड्डाण. बाकीचे सहाजण पुढे बघत जर्मनीला जाणार, मी एकटा मागे बघत. साप्ताहिकात तरी दुसरं काय करत होतो! माझी घुमटी म्हणजे शेपटीच्या टोकाला लटकवलेलं काचेचं कपाट. पाठीमागे दोन सरकती दारं; एकदा ती लावली की बाकी विमानाशी नातं फक्त एका तारेचं. इंटरकॉमची तार.

वर गेल्यावर हवा विरळ होते, ऑक्सिजनचा मास्क लागतो. श्वासातलं पाणी नळीत गोठलं तर माणूस गुंगतो आणि त्याला ते कळतसुद्धा नाही. म्हणून कप्तान थोड्या थोड्या वेळाने प्रत्येकाला हाक मारतो. नावाने नाही, जागेच्या नावाने. विल्फ 'माथा', मी 'शेपूट'. "शेपूट?" "शेपूट ठीक, कप्तान." उत्तर आलं नाही तर कुणीतरी ऑक्सिजनची छोटी बाटली घेऊन रांगत मागे येतं. सगळा विमा एवढाच.

आज गडबडीत माझी तार खोचायचीच राहिली होती. पहिली हाक चुकली म्हणून उतरल्यावर माफी मागितली. कप्तान म्हणाला की मी तर उत्तर दिलं होतं. फार सौजन्याचा मुलगा.

२१ जानेवारी

काल रात्री बर्लिन. पहिलीच खेप.

भीतीबद्दल लोक बरंच लिहितात. सगळे बहुधा शेगडीजवळ बसून लिहितात. खरी भीती थंड असते. पापण्या चिकटतात. मागे सोडलेलं शहर जळताना फक्त मला दिसतं, आणि आमच्यातलंच एखादं विमान ठिणगीसारखं पेटून खाली जाताना. मी बघायचं आणि म्हणायचं, ठीक.

पण एक गोष्ट. येताना समुद्रावर कप्तानने हाक मारली. मी तोंड उघडलं, बोलायच्या आत कानात आवाज आला. "शेपूट ठीक, कप्तान." संथ, नाकातला आवाज. माझा नव्हे.

उतरल्यावर तळाच्या खानावळीत अंडं मिळतं. सुखरूप परतलेल्यांनाच खरं अंडं, बाकीच्यांना भुकटीचं. तिखट शेरे तयार होते माझ्याकडे, पण गिळले. विल्फला विचारलं, माझ्याआधी शेपटीत कोण होतं? पर्सी डनॉक, म्हणाला. कसा बोलायचा? विल्फने काटा खाली ठेवला. म्हणाला, "आजोबा, अंडं गार होतंय."

२९ जानेवारी

मी काल मेलो असतो.

डेन्मार्कचा किनारा ओलांडला इथवर आठवतं. मग ऊब वाटली, आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. जाग आली तेव्हा विमान खाली उतरलेलं, पहाट, मास्कच्या नळीत हाताला लागेल असा बर्फाचा दट्ट्या. तासन्‌तास मी गुंगीत होतो.

कप्तान म्हणतो, मी प्रत्येक हाकेला उत्तर दिलं. सगळ्यांनी ऐकलं. माझ्याच आवाजात.

मी विल्फला कोपऱ्यात धरलं. तेव्हा त्याने सांगितलं. पर्सीचीही नळी गोठली होती. तोही परतेपर्यंत "ठीक, ठीक" म्हणत आला. दार उघडलं तर गोठलेला. डॉक्टर म्हणाला, जर्मनीत शिरायच्या आधीच मेला असणार. सहाजणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुणीही काहीही बोललं नाही. बोलून सांगणार कुणाला? मेलेला माणूस बोलतो म्हटलं की वरचे साहेब म्हणणार, पोराचं धैर्य संपलं. कागदावर भित्रेपणाचा शिक्का, हुद्दा काढून घेतात, आणि तो शिक्का जन्मभर पाठीवर. मेलेल्यापेक्षा इथे शिक्क्याला जास्त भितात.

मीही भितो. वीस वर्षं दुसऱ्यांवर शिक्के मारलेत, मला त्याची शाई ठाऊक आहे.

म्हणजे आता असं. मला बेशुद्धी आली तर कुणीही येणार नाही. कारण उत्तर येत राहणार.

३१ जानेवारी

विल्फशी ठरवलं होतं: दर उत्तरात मी एका पबचं नाव घालायचं. कुठलं, ते आधी कुणालाच सांगायचं नाही, फक्त माझ्या मनात. नाव नसलं तर विल्फने समजायचं, तो मी नव्हे.

पहिली हाक आली. मी 'पांढरा हंस' म्हणावं की 'नांगर', असा विचार करत होतो.

"शेपूट ठीक. नांगर."

माझा आवाज. माझं तोंड मिटलेलं.

१३ फेब्रुवारी

धुक्याने दोन आठवडे उड्डाण नाही. धुक्याला एवढा दुवा कुणी दिला नसेल. झोप नाही. बदली मागायची, असं रोज ठरवतो. शिक्का आठवतो. रोज कच खातो.

आज विल्फ आपण होऊन म्हणाला की तो हाकेवर विसंबणार नाही. अर्ध्या वाटेत स्वतः बाटली घेऊन मागे येईल, दार उघडून माझी पाठ हलवून बघेल. आपली जागा सोडणं गुन्हा आहे, कप्तानने पकडलं तर दोघंही कामातून जाऊ, असं मी बजावलं. तर म्हणतो, "फुकट येत नाही मी, आजोबा. एका फेरीला अर्धा पाइंट बिअर. उधारी चालणार नाही हं."

रडू आलं. त्याला म्हटलं, धुराने.

१६ फेब्रुवारी

लिहितोच. नाहीतर —

तो आला. बर्लिनच्या अलीकडे. मला आठवत नाही, फक्त पाठीवर बुक्की, मग कुणीतरी नळी चोळून बर्फ फोडतंय. डोळे उघडले. विल्फचं तोंड उलटं, मास्कमागे हसत होता बहुतेक. दार लावून गेला.

मग हाक. "माथा?" "माथा ठीक, कप्तान." हुश्श केलं. पोचला जागेवर.

परत येईपर्यंत किती वेळा. माथा ठीक. माथा ठीक. त्याचाच हडर्सफील्डचा हेल, 'ठी-क' ओढून. मी जिवंत आहे या आनंदात होतो.

उतरल्यावर माझं दार सरकेना. पलीकडून कुणीतरी टेकून बसलेलं.

बाटली रिकामी. भुवयांवर बर्फ. दार लावल्यावर एक पाऊलही गेला नव्हता.

कप्तान बघत राहिला. अंडी आली. कुणी खाल्ली नाहीत.

२० फेब्रुवारी

विल्फला शवपेटीतून आगगाडीने आईकडे पाठवलं. अहवालात लिहिलंय: ऑक्सिजनअभावी. कप्तानला म्हटलं, खरं सांगू या. त्याने आधी दार लावून घेतलं. म्हणाला, "पिलबीम, माझ्या दहा खेपा राहिल्यात, मग सुटलो. मला काही ऐकूच आलं नव्हतं. तुम्हालाही नाही."

गप्प बसलो. मीही.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ. घुमटीत

हातमोजा काढून लिहितोय. विमान अजून जमिनीवर, इंजिनं बंद. सूर्य मावळतोय.

नवा माथा आलाय, पेनरोज. कॉर्नवॉलचा. तो खाली माझ्यासमोरच उभा आहे, शेपटीच्या चाकावर लघवी करतोय. सगळेच करतात, निघायच्या आधी. तसं केलं की माणूस सुखरूप परततो म्हणे.

कप्तानने इंटरकॉम तपासायला घेतला.

"माथा?"

पेनरोज खाली बटणं लावतोय. मला दिसतोय. माझ्या डोळ्यांसमोर.

"माथा ठी-क, कप्तान."

कप्तानचा श्वास ऐकू येतोय. सगळ्यांचा. आणि मग तोच आवाज, तारेतून नव्हे. पाठीमागून. दाराच्या पलीकडून. हळू.

"एक फेरी झाली, आजोबा."

दुपारी पबातून थर्मासमध्ये अर्धा पाइंट बिअर भरून आणली होती. विल्फच्या आईकडे जाऊन त्याच्या कबरीवर ओतायची, असं मनात होतं. तिथवर आता —

झाकणात ओतली. थोडी सांडली. पुन्हा भरली, काठोकाठ. दार बोटभर सरकवलं. मागे न बघता झाकण बाहेर ठेवलं. दार लावलं. विल्फ, फिटलं.

झाकण पत्र्यावर घासल्याचा आवाज. कुणीतरी उचललं.

आता शेपटाला हाक येणार. तोंड उघडून बसलोय. या वेळी मीच आधी, मीच —

"शेपू